झोन मोजून राहिले लेकाचे!

ऑनलाइन गेमचं नवीन एक्सपान्शन, म्हणजे जुन्या गेमला जोडलेली नवी विकतची भर, जाहीर झालं रे झालं, की आमचा धरमपेठचा ग्रुप त्यातले झोन, म्हणजे नकाशावरचे इलाके, बोटांवर मोजायला बसतो. "चारच झोन? लुटून राहिले ना बे आपल्याला!" अरे, गेम घेऊन राहिला की बेसा रोडला प्लॉट? लेआउटमध्ये किती तुकडे पडले त्यावर भाव ठरवाचा आहे काय?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच घ्या. 2007 च्या बर्निंग क्रूसेड या एक्सपान्शनमध्ये आउटलँड नावाच्या नव्या जगाचे सात झोन, 2022 च्या ड्रॅगनफ्लाइटमध्ये मुख्य चार. झालं! हिशेब संपला, गेम मेला! मग 2010 चं कॅटॅक्लिझम? वरच्या लेव्हलचे नवे झोन पाच, पण जुने दोन्ही खंड उलटेपालटे करून ठेवले, ते कोणत्या खात्यात टाकू? आणि त्यातला वाश्जिर झोन? अख्खा समुद्राखाली, वरून त्याचे आत तीन भाग. एक धरू की तीन? सांग ना भाऊ, सीए तर तू आहेस!

बरं, हेच महाशय क्वेस्टची, म्हणजे गेमनं दिलेल्या कामगिरीची, एक ओळ वाचत नाहीत. अ‍ॅक्सेप्ट, अ‍ॅक्सेप्ट, अ‍ॅक्सेप्ट. कोण मेलं, कोणी मारलं, काहून मारलं, काही पत्ता नाही. ड्रॅगनवर बसले की खालचं अख्खं रान दोन मिनिटांत पार, आणि लेव्हल संपली की ड्रॅगनफ्लाइटच्या वाल्ड्राकेन शहरात ठिय्या. डंजनच्या, म्हणजे टीम करून लढायच्या मोहिमेच्या, रांगेत नंबर लावायचा अन् दुसऱ्या खिडकीत रील्स पाहायच्या.

आठवा झोन कायले पाहिजे बे तुले? रांग लावायला?