श्वास खंय घेता?

हेवी रॉकची रेकॉर्ड मोठ्या आवाजातच ऐकायची असते, आणि वेंगुर्ल्याकडच्या वाडीत मोठा आवाज ही कुणाची खासगी बाब नसते. आमच्याकडे मिक्सर फिरला की पलीकडच्या पडवीतून ‘आज सोलकढी काय?’ अशी चौकशी येते. अशा ठिकाणी बसून एका दिवाळी अंकाला ‘विस्मृतीत गेलेला अल्बम’ या सदरासाठी परीक्षण द्यायचं मी कबूल केलं होतं.

रेकॉर्ड मिळाली कुडाळच्या एका भंगारवाल्याकडे. त्यानं ती रद्दीसोबत तोलूनच दिली. कव्हर नाट्यसंगीताचं, आत मात्र मर्क्युरी कंपनीची १९७० ची ‘किंगडम कम’. बँडचं नाव सर लॉर्ड बाल्टिमोर. नावात सर आणि लॉर्ड दोन्ही, प्रत्यक्षात ब्रुकलिनची तीन पोरं. अमेरिकेतही जी फारशी खपली नाही ती सिंधुदुर्गात कशी पोचली, कोण जाणे. बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणीतरी आणली असावी आणि घरच्यांच्या धाकानं नाट्यसंगीतात लपवली असावी.

आपल्या दमट हवेत रेकॉर्डवर बुरशी धरतेच. रिठ्याच्या पाण्यानं धुवायला बसलो तर आई म्हणाली, “घावन्यांचो तवो इतक्या हळू कित्याक घासतंस?”

कव्हर बघून ती खूश होती. समईच्या वाती वळायला घेऊन ऐकायला बसली. मी सुई टेकवली. गॅरी जस्टिनचा गुरगुरता बास सुरू झाला, त्यावर लुई डॅम्ब्रानं एकावर एक रचलेल्या गिटारी कोसळल्या आणि जॉन गार्नरनं पहिली आरोळी ठोकली. आईच्या मांडीवरचा कापूस उडाला. शेजारच्या काकी मागीलदारातून धावत आल्या. “कोणाच्या आंगात इला?”

आवाज कमी कर म्हणाल्या. केला, पण कमी आवाजात हा अल्बम ऐकण्यात काही राम नाही. नुसती तीन माणसं लांब कुठेतरी भांडताहेत असं वाटतं. पुन्हा वाढवला. मग वीजच गेली. तबकडी मंदावत गेली तशी गार्नरची किंकाळी खर्जात उतरत उतरत विझली. काकी म्हणाल्या, “आता बरां वाटता.”

या रेकॉर्डचं मोल काय, हे मी त्यांना सांगून पाहिलं. माइक सॉन्डर्स नावाच्या समीक्षकानं १९७१ मध्ये ‘क्रीम’ मासिकात हिचं परीक्षण लिहिलं, त्यात ‘हेवी मेटल’ हे शब्द आहेत. या संगीतप्रकाराला ते नाव छापून मिळालं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी ते एक. काकींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मगे तेनी लिवलानच आसा, तर तू परत कित्याक लिवतंस?” प्रश्न बिनतोड होता. वीज आली म्हणून मी सुटलो.

पहिल्या बाजूवर ‘लेक आइल ऑफ इनर्सफ्री’ हे एकच मवाळ गाणं आहे. ते आईला आवडलं. मला विचाराल तर तिथे अल्बम उगाच सभ्य व्हायला जातो. खरी मजा उरलेल्या गोंधळात आहे. तिघंही एकमेकांच्या पुढे पळायच्या ईर्षेनं वाजवतात आणि तरी एकत्र पोचतात. आजच्या गुळगुळीत ध्वनिमुद्रणात ही धाकधूक सापडत नाही.

दुसरी बाजू लावली तेव्हा दशावतारात मृदंग वाजवणारे शेजारचे बुवा येऊन उंबऱ्यावर बसले. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. “वाजवता कोण?”

“ड्रम्स ना? गार्नर.”

“आणि गाता कोण?”

“तोच.”

बुवांनी डोळे उघडले. “तोच? मगे श्वास खंय घेता?”

मी जमवलेल्या सगळ्या माहितीत हा मुद्दाच सुटला होता. परीक्षणाचं पहिलं वाक्य मला तिथे मिळालं. बुवांनी एक तुकडा पुन्हा लावायला सांगितला, मांडीवर बोटं चालवून पाहिली, मान हलवली आणि कामाचं, म्हणजे एका प्रयोगाच्या बिदागीचं, विचारलं, “ह्यांका नाईट किती मिळा होती?”

“फार नसावी. पुढच्याच वर्षी दुसरी रेकॉर्ड काढली, ती पण चालली नाही. मग बरीच वर्षं सगळं बंद.”

“तरीच,” बुवा म्हणाले. “मृदंगवाल्याकच गावूक लावल्यानी. एका माणसाची नाईट वाचवल्यानी.”