मागच्या गाडीचा दाब

गेल्या महिन्यात बाबा साताऱ्याहून इकडे वेल्समधल्या कार्डिफला आले होते. पहिल्याच दिवशी त्यांना घेऊन बाजाराला निघाले, तेव्हा पाचेक मिनिटांत त्यांनी मागे वळून पाहिले आणि विचारले, "अगं, हा मागचा एवढा का चिकटलाय? जाऊ दे की त्याला पुढे." रस्ता दोन्ही बाजूंनी घरांचा होता आणि माझा काटा 20 वर होता. 20 मैलांवर, किलोमीटरवर नव्हे; म्हणजे ताशी सुमारे 32 किलोमीटर. मागची पांढरी व्हॅन इतकी जवळ होती की आरशात तिचे दिवे दिसतच नव्हते, चालकाचा वैतागलेला चेहरा तेवढा दिसत होता. त्याला वाट द्यायला जागा नव्हती आणि वेग वाढवायची माझी तयारी नव्हती. बाबांना तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे. भारतातल्या मित्रमंडळींपैकी अनेकांनी या 20 मैलांच्या भानगडीबद्दल मला वेळोवेळी विचारलेही आहे.

वेल्समध्ये 17 सप्टेंबर 2023 पासून वस्तीतल्या रस्त्यांची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी 30 मैलांवरून 20 मैलांवर आणली गेली. ब्रिटनच्या चार घटक देशांपैकी असे करणारा वेल्स पहिलाच. या कायद्याची गंमत अशी की मर्यादेची पाटी प्रत्येक रस्त्यावर नसते. रस्त्याला दिव्यांचे खांब असतील आणि त्यांच्यातले अंतर 200 यार्डांपेक्षा जास्त नसेल, तर वेगळा आकडा लिहिलेला दिसेपर्यंत मर्यादा 20 धरायची. उलट जिथे 30 ची मुभा आहे, तिथे 30 च्या छोट्या पाट्या ठरावीक अंतराने लावाव्या लागतात. त्यामुळे 'पाटी दिसली नाही' ही सबब इथे चालत नाही. खांब हीच पाटी. शिवाय जागोजागी डांबरावर पांढऱ्या रंगात एक वेल्श शब्द रंगवलेला असतो, त्याचा उच्चार साधारण 'अरव' असा होतो आणि अर्थ 'हळू'. संस्कृतात 'अरव' म्हणजे ज्याला आवाज नाही असा. 20 ने जाणाऱ्या गाड्यांच्या रस्त्यावर खिडकी उघडी ठेवून फोनवर बोलता येते, हे अनुभवल्यापासून हा योगायोग मला फार आवडतो.

आता माझ्या चुकीबद्दल. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रुग्णांच्या घरी जाऊन त्यांना व्यायाम शिकवते, त्यामुळे दिवसाकाठी सात-आठ घरे आणि तेवढ्याच वेळा गाडी हे माझे काम. परवाना गेला तर नोकरी गेली. मर्यादा लागू झाल्यानंतर काही महिन्यांनी एका शाळेजवळच्या उतारावर मी 28 ला सापडले. पिवळ्या जाकिटातल्या पोलिसाने हातातल्या वेगमापकाचा आकडा मला दाखवला आणि दोन पर्याय दिले: 100 पौंड दंड आणि परवान्यावर 3 पॉइंट, किंवा तिथेच रस्त्याकडेला अग्निशमन दलाच्या लोकांबरोबर दहा मिनिटे. तीन वर्षांत 12 पॉइंट झाले की सहसा परवाना निलंबित होतो, तेव्हा मी अर्थातच दहा मिनिटे निवडली. या उपक्रमाचे नावच 'ऑपरेशन इगाइन' आहे. वेल्शमध्ये 'इगाइन' म्हणजे वीस.

अग्निशमन दलातल्या त्या बाईंनी मला एकच प्रश्न विचारला: 20 च्या वेगात असताना समोर मूल आले तर गाडी किती अंतरावर थांबेल? मी आत्मविश्वासाने पाच मीटर सांगितले. बरोबर उत्तर 12 मीटर आहे: सहा मीटर आपल्याला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत, आणि सहा मीटर ब्रेक लागल्यावर. 30 च्या वेगाला हेच अंतर 23 मीटर होते, त्यातले पहिले नऊ मीटर नुसते कळण्यात जातात. म्हणजे 20 ची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, त्या जागी 30 च्या गाडीला ब्रेक लागून जेमतेम तीन मीटर झालेले असतात, आणि हिशेब केला तर तिचा वेग अजून 26-27 मैलांच्या आसपास असतो. मी विज्ञान शिकलेली बाई, वेग दीडपट झाला की ऊर्जा सव्वादोनपट होते हे मला शाळेपासून पाठ आहे. पण ते अंतर त्यांनी रस्त्यावर चालून दाखवले तेव्हाच ते माझ्या पोटात उतरले.

मात्र एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. उतार होता, मनात पुढचा रुग्ण होता, हे सगळे खरे असले तरी मी 28 ला गेले ते मुख्यतः मागे एक गाडी होती म्हणून. ती मला ढकलत होती. ना हॉर्न, ना दिव्याची उघडझाप, नुसती जवळ येत राहिली, आणि मी स्वतःच्याही नकळत तिला हवा तो वेग दिला.

माझे म्हणणे या अनुभवातून आलेले आहे. कमी वेगमर्यादेच्या अंमलबजावणीची चर्चा नेहमी वेगाने जाणाऱ्याभोवती फिरते: त्याला दंड किती असावा, तो सुधारेल का, त्याच्यावर अन्याय होतो का. माझ्या मते ही अंमलबजावणी मुख्यतः त्याच्यासाठी नसतेच. ती पुढे 20 ने जाणाऱ्यासाठी असते. नियम पाळणाऱ्या चालकाला रोज आपण वेडे ठरतो आहोत असे वाटू लागले, तर तो काही आठवड्यांत नियम सोडतो, आणि तो सोडतो तेव्हा त्याच्या मागची सगळी रांग सोडते. याउलट कुठल्याही वळणावर पोलीस उभा असू शकतो हे मागच्यालाही ठाऊक असेल, तर त्याच्या वैतागाची धार कमी होते. पुढची बाई घाबरट नसून शहाणी आहे, एवढे तो मनातल्या मनात कबूल करतो.

नुसत्या पाट्यांनी हे साधत नाही, याचा दाखला शेजारीच आहे. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या मध्यवर्ती भागातल्या 76 रस्त्यांवर 2016 मध्ये 20 मैलांची मर्यादा लावली गेली. भर मुख्यतः पाट्यांवर होता, रस्त्याची रचना बदलली नाही आणि पाळत फारशी नव्हती. पुढे तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासले तेव्हा अपघातांवर त्याचा परिणाम नगण्य निघाला. दुसऱ्या टोकाला फिनलंडमधले हेलसिंकी आहे. तिथे निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी 30 किलोमीटरची मर्यादा आहे, जोडीला स्वयंचलित कॅमेरे आणि वेग आपोआप कमी व्हावा असे अरुंद केलेले रस्ते आहेत, आणि जुलै 2025 पर्यंतच्या बारा महिन्यांत त्या शहरात रस्ते अपघातात एकही माणूस दगावला नाही. वेल्स या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. मुख्य रस्त्यांवरचा सरासरी वेग सुमारे 2.4 मैलांनीच उतरला. ऐकायला ही घट हास्यास्पद वाटते, पण 20 आणि 30 मैलांच्या रस्त्यांवर जखमी होणाऱ्यांची संख्या साधारण पाव हिश्शाने घटली आहे.

विरोधही काही थोडाथोडका झाला नाही. मर्यादा रद्द करा, या मागणीच्या अर्जावर 4 लाख 69 हजारांहून अधिक सह्या झाल्या, तेही जेमतेम 31 लाख वस्तीच्या देशात. पाट्यांवर काळा रंग फासला गेला. आमच्या भागातली एक पाटी तीनदा रंगवून तीनदा पुसली गेली, आणि आता तिच्यावरचा 2 कायमचा राखाडी झाला आहे. सर्वांत जास्त ऐकू येणारा आरोप म्हणजे हा सरकारचा गल्ला भरण्याचा धंदा आहे. हा आरोप मला पटत नाही, कारण दंडाचे पैसे वेल्स सरकारकडे येतच नाहीत. ते लंडनला ब्रिटिश खजिन्यात जमा होतात. दंडाऐवजी जे वर्ग घेतले जातात, त्यांच्या शुल्कातला काही भाग पोलिसांच्या खर्चापोटी जातो, एवढे खरे. पण रस्त्याकडेला फुकट दहा मिनिटे खर्च करणारी यंत्रणा पैसे कमावायला निघाली आहे असे म्हणणे म्हणजे शिकवणीवाल्याने फी न घेता गल्ला भरला म्हणण्यासारखे आहे.

वेळेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकारच्याच अंदाजानुसार सरासरी प्रवास एखाद्या मिनिटाने लांबणार होता, आणि हे एकेक मिनिट 30 वर्षांसाठी पैशांत मोजले तर आकडा साडेचार अब्ज पौंडांवर जात होता. विरोधकांनी तो आकडा पुरेपूर वापरला, आणि त्यात गैर काही नव्हते. माझ्यापुरते सांगायचे तर दिवसभराच्या आठ फेऱ्यांत मिळून माझी दहाएक मिनिटे वाढली, म्हणून शेवटच्या रुग्णाची वेळ मी पंधरा मिनिटे पुढे ढकलली. सुरुवातीला कुरकुर झाली. आता त्या आजी चहा टाकूनच बसलेल्या असतात.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. कारवाई 20 च्या पुढे लगेच सुरू होत नाही. मर्यादेच्या वर दहा टक्के आणि आणखी चार मैल, असा हिशेब लावून ती 26 ला सुरू होते. यंत्रात आणि माणसात थोडी चूक गृहीत धरायला हवी हे मान्य. पण गाडीचा काटा कायद्यानेच खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही. बहुतेक गाड्यांचा काटा थोडा जास्तच दाखवतो. म्हणजे काट्यावर 26 दिसत असताना गाडी बहुधा त्याहून हळूच चाललेली असते, आणि सवलत कागदावर दिसते त्याहून मोठी ठरते. त्यात ती सर्वांना तोंडपाठ आहे, त्यामुळे व्यवहारात पाटीवरचा 20 हा 26 म्हणून वाचला जातो. वरच्याच हिशेबाने 26 ची गाडी थांबायला सुमारे 18 मीटर लागतात. 20 च्या 12 मीटरांपेक्षा हे सहा मीटर जास्त, म्हणजे एका रस्त्यावरच्या पट्टेदार क्रॉसिंगची रुंदी ओलांडून पलीकडे. सवलत असावी, पण तिची जाहिरात नसावी. आणि लोकांना सवय झाल्यावर ती हळूहळू कमी व्हावी.

बाबांनी घरी आल्यावर विचारले की आपल्याकडे असे काही का होत नाही. आपल्याकडे मर्यादा आहेत, हे त्यांना मी सांगितले. केंद्र सरकारच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल वेग ताशी 70 किलोमीटर ठरवला आहे आणि राज्यांना तो आणखी कमी करता येतो. 2019 च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाला वेगाबद्दलचा दंड 1,000 ते 2,000 रुपये झाला. त्याआधी पहिल्या चुकीला तो जास्तीत जास्त 400 होता. दंड वाढला, पण पकडले जाण्याची खात्री तेवढी वाढली नाही. ई-चलनाचा मेसेज येतो, साठत राहतो, आणि लोकअदालतीत तडजोड होईल म्हणून लोक थांबून राहतात. कारवाई आणि चूक यांच्यात इतके दिवस गेले की त्यांचा एकमेकींशी संबंधच उरत नाही. मला त्या उतारावर पाच मिनिटांच्या आत थांबवले गेले, म्हणून तो उतार मी आजही विसरलेले नाही.

यंत्रणा जिथे पोहोचत नाही, तिथे आपल्याकडे गल्लीच अंमलबजावणी हातात घेते. आमच्या साताऱ्याच्या गल्लीत एका मुलाला दुचाकीची धडक बसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गुडघ्याला लागेल असा गतिरोधक उभा होता. कोणी टाकला, हे सर्वांना माहीत होते आणि कोणी सांगत नव्हते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच, गोलसर पाठीचा असतो. आमचा अडीच फुटांत उभी भिंत होता. त्यावर रिक्षातली एक बाळंतीण आदळली तेव्हा तो फोडला गेला, आणि महिन्याभरात पुन्हा उभा राहिला. त्या गतिरोधकाची मी थट्टा करत नाही. वेग कमी व्हावा ही मागणी तिथल्या लोकांनी डांबरात लिहून दिली होती. ती वाचायला कोणी आले नाही.

इथे मात्र वाचणारे कोणी आहे, असा माझा अनुभव आहे. 2024 मध्ये परिवहन मंत्री बदलले, केन स्केट्स यांनी कुठले रस्ते पुन्हा 30 ला न्यावेत याबद्दल लोकांकडून सूचना मागवल्या, आणि स्थानिक कौन्सिलांना त्यासाठी नवे मार्गदर्शन दिले गेले. मी स्वतःही एका रस्त्याबद्दल लिहिले. तो गावाबाहेरचा, एका बाजूला शेत आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याची भिंत असलेला सरळ रस्ता आहे. पायी कोणी जात नाही, घर एकही नाही, केवळ दिव्यांचे खांब आहेत म्हणून तिथे 20 लागले. तिथे पोलीस उभा राहिला तर मलाही ते अन्यायाचे वाटेल. अशा रस्त्यावरची एक पाटी शाळेजवळच्या दहा पाट्यांची किंमत घालवते, असे मी पत्रात लिहिले. कौन्सिलचे उत्तर अजून आलेले नाही. परवा त्याच रस्त्याने बाबांना विमानतळाच्या बससाठी सोडायला गेले, तर मागे वळून न पाहताच ते म्हणाले, "आहे ना गं मागे कोणीतरी?" होताच.