पावती सैल होत नाही, हरवते

आज एका छापील सूचनेत वाचलं: 'डोन्ट लूज युअर रिसीट'. त्या लूजमध्ये दोन ओ! सांगायचं होतं पावती हरवू नका, छापलं पावती सैल करू नका. छापण्याआधी कुणालाच खटकलं नाही?

ही चूक कानातून येते. हरवणे या अर्थाच्या शब्दात ओ एकच, आणि शेवटी झऱ्यातला झ. सैल या अर्थाच्या शब्दात ओ दोन, शेवटी स्वच्छ स. पण 'स्क्रू लूज झालाय' असं आपण रोज म्हणतो, तिथेच त्या स चा ज होतो आणि दोन्ही शब्द कानाला सारखे वाटू लागतात. स्पेलचेकवर विसंबू नका. दोन्ही शब्द कोशात आहेत, मग लाल रेघ येईलच असं नाही.

स आणि झ चा हा भेद ॲडव्हाइसमध्येही आहे. सल्ला हे नाम असेल तर लिहायचा सी आणि उच्चार स, सल्ला देणे हे क्रियापद असेल तर लिहायचा एस आणि उच्चार झ. आणि कृपा करून 'ॲडव्हायसेस' लिहू नका! सल्ला या अर्थाने त्याचं अनेकवचन होत नाही, 'सम ॲडव्हाइस' म्हणा.

इट्समध्ये अपॉस्ट्रॉफी द्यायची की नाही? तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून वाक्य वाचा. अर्थ लागला तर द्या, नाहीतर नको. 'त्याचं' या अर्थाच्या हिजला कुठे असते अपॉस्ट्रॉफी?

'डिस्कस अबाउट' तर सरळ मराठीतून आलंय. आपण एखाद्या गोष्टी'विषयी' चर्चा करतो, इंग्रजीत तो 'विषयी' डिस्कसच्या पोटातच असतो. 'रिटर्न बॅक'मधला बॅक आणि 'कोप अप विथ'मधला अप असेच जास्तीचे.

बरं, प्रीपोन, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे, या शब्दावरून मी आता भांडत नाही. ऑक्सफर्डच्या कोशात तो आहे, आणि अर्थही लख्ख आहे.

बोलताना कुणाचा स-झ चुकला म्हणून हसणाऱ्यांचा मात्र मला त्या सूचनेपेक्षा जास्त राग येतो. परक्या भाषेत धीर करून बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये, हवं तर नंतर एकट्याला सांगावं. छापणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याच्या हाताशी वेळ असतो.

आणि ती सूचना पुन्हा छापणार असाल तर एक ओ काढा. बाकीचं वाक्य बरोबर आहे.