अस्वलाला घराची वाट कुणी दाखवली?

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीत पुन्हा अस्वल आलं. मादी होती, पाठीवर पिल्लू. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. पहिली हाक कुणी दिली माहीत नाही, पण दहा मिनिटांत साठ-सत्तर माणसं जमली. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि प्रत्येक मोबाईलचा टॉर्च तिच्या तोंडावर. दोन पोरांनी फटाके लावले. ती एका कुंपणाकडे धावली, तिथे माणसं. वळली, तिथेही माणसं. भिंत आणि उभी गाडी यांच्यातल्या हातभर फटीत ती घुसली तेव्हा मी गच्चीवरून बघत होते. पिल्लाने आईच्या खांद्यावरचे लांब केस चारही पायांनी पकडून ठेवले होते. तिचं अंग भिंतीला घासलं, पण पिल्लू सुटलं नाही.

कुणाला काही झालं नाही, हे आमचं नशीब. गर्दीत लहान मुलं होती. खांद्यावर बसवून आणली होती.

हे आपलं काळं, झिपरं अस्वल दिसायला ढिलं, चालायला फेंगडं. म्हणून लोकांना ते बावळट वाटतं. प्रत्यक्षात माणसाने दहादा विचार करावा असं हे जनावर आहे. नजर अधू, कानही फार तिखट नाहीत. सगळा कारभार नाकावर. वाळवीच्या वारुळात तोंड खुपसून ते नाकपुड्या मिटतं आणि वरचे मधले दोन दात नसलेल्या फटीतून वाळवी ओढून घेतं. त्या ओढण्याचा आवाज शंभर मीटरवरून ऐकू येतो. अशा वेळी माणूस जवळ आलेला त्याला कळतच नाही. कळतं तेव्हा माणूस चार पावलांवर असतो. हजारो वर्षं वाघाच्या शेजारात राहिलेलं हे जनावर, दचकलं की आधी अंगावर येतं. झाडावर चढून जीव वाचवण्याची त्याची रीत नाही. आणि अंगावर आलं की पंजा बहुतेक वेळा डोक्यावर, चेहऱ्यावर बसतो. एक डोळा असाच गमावलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी मी बोलले आहे. ते म्हणाले, "मी त्याला बघितलंच नाही पोरी, आणि त्यानेही मला बघितलं नव्हतं."

पण मला आज लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर. ती मादी आमच्या गल्लीत आलीच का?

याचं उत्तर द्यायला मला लाज वाटते, तरी देते. तीन महिन्यांपूर्वी मी मागच्या अंगणात ओल्या कचऱ्याचा खड्डा केला. फळांच्या साली, उरलेलं अन्न, सगळं त्यात. वर फक्त एक पत्रा टेकवलेला. एका सकाळी पत्रा सहा-सात फुटांवर पडलेला दिसला आणि ओल्या मातीत पाऊल उमटलेलं. टाच माणसासारखी, आणि पुढे नखांच्या पाच लांब रेघा, बोटांपासून बऱ्याच अंतरावर. मी फोटो काढला, चार जणांना कौतुकाने दाखवला, आणि पत्रा पुन्हा तसाच टेकवला. बंदोबस्त केला नाही. त्यानंतर ती चार वेळा आली. शेजारच्या घरी कुत्र्याचं खाणं रात्रभर ओट्यावर असतं. कोपऱ्यावरची कचराकुंडी गेले कित्येक महिने बिनझाकणाची आहे. दोनदा तक्रार केली, दोनदा "बघतो" असं उत्तर मिळालं. म्हणजे जेवणाचं ताट वाढून ठेवलं आम्ही, आणि ती जेवायला आली म्हणून फटाके लावले तेही आम्हीच.

हे फक्त आमच्याकडे झालंय असं नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एके काळी कचऱ्याच्या ढिगावर अस्वलं जेवायला येत आणि ते बघायला प्रेक्षकांसाठी बाकं मांडलेली असत. १९३१ ते १९६९ या काळात तिथे अस्वलांमुळे वर्षाला सरासरी पन्नासच्या आसपास माणसं जखमी होत होती. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातही एका विश्रामगृहामागे उष्टं टाकलं जाई, पाहुण्यांना ग्रिझली अस्वल बघायला मिळावं म्हणून. १२-१३ ऑगस्ट १९६७ च्या रात्री त्या उद्यानात दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळ्या अस्वलांनी दोन तरुणींना मारलं. दोन्हीकडच्या अस्वलांना माणसाच्या अन्नाची चटक लागलेली होती. त्यानंतर डोळे उघडले. यलोस्टोनमधले उकिरडे १९७० च्या सुमारास बंद झाले. पण एकदा लागलेली सवय उकिरडा बंद केला म्हणून सुटत नाही. उपाशी अस्वलं तंबूंकडे, घरांकडे वळली आणि पुढच्या काही वर्षांत कितीतरी मारली गेली. १९७५ मध्ये तिथल्या ग्रिझलीला कायद्याने संरक्षण द्यावं लागलं.

मला या इतिहासातलं सगळ्यात जास्त हेच बोचतं. चटक माणसाने लावली आणि गोळी अस्वलाने खाल्ली.

"पकडा आणि लांब जंगलात सोडा" हे वाक्य मी या आठवड्यात निदान वीस वेळा ऐकलं. ऐकायला फार दयाळू वाटतं. पण अस्वलाला घरची वाट सापडते. शंभर-शंभर किलोमीटर तुडवून परत आलेली अस्वलं नोंदवलेली आहेत. परत नाही आलं तर नव्या जागी दुसऱ्या अस्वलाच्या हद्दीत ते उपरं, आणि जवळच्या गावात कचरा असतोच. कॅलिफोर्नियातल्या टाहो सरोवराच्या परिसरात 'हँक द टँक' नावाने गाजलेल्या अस्वलाची गोष्ट आठवते. घरं फोडणारा हा एकच धिप्पाड नर आहे असं सगळे धरून चालले होते. डीएनए तपासल्यावर निघाली वेगवेगळी अस्वलं, आणि मुख्य 'आरोपी' निघाली एक मादी. २०२३ मध्ये तिला पकडून प्राण्यांच्या निवारा केंद्रात कायमचं ठेवावं लागलं. एक हँक उचलला असता तरी घरं फुटायची थांबली नसती, कारण वास तिथेच होता.

आणि काम होतं ते कशाने, तर झाकणाने. कोलोरॅडोतल्या ड्युरँगो शहरात संशोधकांनी काही वस्त्यांना अस्वलाला उघडता न येणारे कचऱ्याचे डबे दिले, काहींना दिले नाहीत. डबे मिळालेल्या वस्त्यांत कचऱ्यावरून होणारे प्रसंग ६० टक्क्यांनी कमी राहिले. बंदूक नाही, पिंजरा नाही, नीट लागणारी कडी.

सगळा दोष कचऱ्याचाच, असं मात्र मी म्हणणार नाही. जपानमध्ये २०२३-२४ या वर्षात अस्वलांच्या हल्ल्यांत २१९ जण सापडले, सहा जण गेले. २०२५ मध्ये मृतांचा आकडा त्याच्याही दुपटीवर गेला आणि अकिता प्रांतात पिंजरे लावायच्या मदतीला लष्कर बोलवावं लागलं. तिथे कारणांचा गुंता आहे. डोंगरात बीच आणि ओक या झाडांना फळं धरली नाहीत, खेड्यातली तरुण माणसं शहरात गेली, परसातली झाडं फळांनी लगडून तशीच राहिली, आणि जंगल आणि वस्ती यांच्यामधली राबती जमीन झुडपांनी भरून गेली. अशा गावातल्या म्हातारीला दार उघडायची भीती वाटते, तिला कुणी प्राणिप्रेमाचे धडे देऊ नयेत. भीती खरी आहे. भल्या पहाटे रानाच्या कडेने एकट्याने जावं लागणाऱ्याची तर फारच खरी. म्हणूनच मला चीड येते ती दोन्ही टोकांच्या लोकांची: शहरात बसून "त्याचंच घर आहे ते" म्हणणाऱ्यांची, आणि "एकदाच उडवून टाका" म्हणणाऱ्यांचीही. माझ्या परसातला खड्डा या दोघांपैकी कुणीच बुजवणार नाही.

मी तो बुजवला. आता ओला कचरा कडीच्या डब्यात, आणि डबा रात्री घरात. शेजाऱ्यांना जाऊन सांगितलं, कुत्र्याचं भांडं रात्री आत घ्या. त्यांनी ऐकलं. कोपऱ्यावरच्या कुंडीचं काही झालेलं नाही, म्हणून रविवारी आम्ही काही जण वर्गणी काढून झाकण बसवणार आहोत.

आणि पुन्हा ती आली तर कृपा करून घरात राहा. दिवे लावा, खिडकीतून आवाज द्या, वन खात्याला फोन करा, आणि तिच्यासाठी जंगलाकडची एक बाजू पूर्ण मोकळी सोडा. एवढी एकच गोष्ट त्या रात्री साठ-सत्तर माणसांपैकी कुणालाही सुचली नाही. बाहेरच गाठ पडली तर पळू नका, ती तुमच्यापेक्षा वेगाने पळते. तोंड तिच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. आई आणि पिल्लू यांच्यामध्ये तर कधीच येऊ नका.

त्या रात्रीचा व्हिडिओ आता सगळ्या ग्रुपवर फिरतोय. कुणीतरी त्यावर गाणं चढवलंय आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग आहे. मूळ व्हिडिओ माझ्याकडे आहे, बिनगाण्याचा. त्यात फटाक्यांच्या मध्ये मध्ये पिल्लाचा आवाज ऐकू येतो. गाणं चढवलेला व्हिडिओ ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी मला सांगा. मी हा पाठवते. एकदा आवाज मोठा करून ऐका.