पाट, नाईक आणि ॲप

डिचोलीतील आमच्या काकांच्या चित्रशाळेचा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवण्याच्या कारखान्याचा, कारभार डिजिटल करून देण्याचे काम, घरात मोबाईलमधले कळणारा म्हणून, माझ्या गळ्यात पडले. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की येथे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, पुष्कळ आधी लोक घरचा पाट चित्रशाळेत आणून ठेवतात. त्यावर खडूने नाव लिहिले, की तीच मागणी, तीच पावती, आणि पाटाच्या रुंदीवरून मूर्तीचे मापही ठरते.

ॲपला पाट मान्य नव्हता. त्याला ग्राहक हवा होता. पहिले नाईक सुखरूप नोंदवले गेले, दुसऱ्या नाईकांना मात्र ‘हा ग्राहक आधीच अस्तित्वात आहे’ म्हणून दारातूनच परत पाठवण्यात आले. काकांच्या हिशेबी हे वडाखालचे नाईक, ते तळीकडचे नाईक, आणि ज्यांच्या पाटाचा एक पाय आखूड आहे ते तिसरे नाईक. आखूड पायासाठी ॲपमध्ये रकानाच नाही, याचे काकांना मनापासून वाईट वाटले. त्यातच बोटांना चिकणमाती लागलेली असल्यामुळे मोबाईल त्यांचे बोट ओळखीना. मग ते कोपराने ‘पुढे’ दाबत, आणि ॲप दोन पाने पुढे जाई.

अशाच एका कोपरानिशी आम्ही ‘परतावा धोरणा’वर येऊन पोहोचलो. माल किती दिवसांत परत घेणार: 7, 15 की 30?

“दीड दिवसाने परत जातोच तो,” काका म्हणाले, “पण माझ्याकडे नाही.”

क्यूआर कोड त्यांनी तक्रार न करता भिंतीवर लावू दिला. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार आणि मूर्तिकार दोघेही येतात व प्रत्येक डिजिटल व्यवहारामागे 1 रुपया प्रोत्साहन मिळते, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. पण ते महिन्याला 100 व्यवहारांपुरतेच, हे कळताच पडला, कारण त्यांचा वर्षभराचा गल्ला चवथीच्या एकाच सकाळी भरतो. (योजना आखणाऱ्यांनी सुतार, लोहार, शिंपी डोळ्यांसमोर ठेवले असावेत, चतुर्थी बहुधा राहून गेली.)

चवथ उलटून महिना झाला नाही, तोच ॲपने लाल अक्षरांत कळवले, की आपली विक्री 100 टक्क्यांनी घसरली असून जुने ग्राहक परत मिळवण्यासाठी तातडीने सवलत जाहीर करावी. काकांनी चष्मा लावून तो मजकूर सावकाश वाचला आणि सवलत नेमकी कोणत्या नाईकांना द्यायची, एवढेच मला विचारले.