वाकलेल्या खेळाडूशी बोलू नये

दर गुरुवारी रात्री साडेआठला मी गंगापूर रोडच्या बाजूच्या एका पूल पार्लरमध्ये असतो. (पूल म्हणजे टेबलावर काठीने बॉल मारून तो कडेच्या पॉकेटमध्ये पाडायचा खेळ.) घरच्यांनी हे तीन वर्षे सोसले आहे आणि सातपूरच्या कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी त्यावरून माझी भरपूर थट्टाही करून घेतली आहे. पाच-सहा पार्लरांतल्या हौशी मंडळींनी मिळून चालवलेली ही लीग आहे. टीममध्ये सात जण, एका रात्री पाच जणांनी उतरायचे, प्रत्येकाने तीन गेमची एक लढत खेळायची, पाचपैकी तीन लढती जिंकल्या की ती रात्र आपली, आणि हरलेल्यांनी टेबलचे पैसे भरायचे. एवढ्याशा व्यवहारात चाळिशी ओलांडलेली माणसे एकमेकांशी अबोला धरतील, असे कोणी आधी सांगितले असते तर मी हसलो असतो. गेल्या वर्षी आमची टीम फुटायला आली ती कप्तानांमुळे. त्यात आमचा वाटा किती होता, हे कळायला मला फार उशीर लागला.

कप्तानांचे नाव लिहीत नाही. ते ही पोस्ट वाचणार आहेत आणि लिहिण्यापूर्वी मी त्यांना विचारलेही आहे. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. त्यांचा खेळ चांगला आहे आणि नजर तर त्याहून चांगली. ब्रेक, म्हणजे गेमचा पहिला फटका, झाल्याबरोबर कोणता बॉल आधी उचलायचा आणि कोणता शेवटपर्यंत राखायचा, हे त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या दिसते. अडचण अशी की जे त्यांना दिसते ते इतरांनाही दिसलेच पाहिजे, आणि दिसत नसेल तर आम्ही त्यांच्या डोळ्यांनी खेळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. कोण उतरणार आणि कितव्या लढतीत उतरणार, हे बुधवारी रात्री त्यांनी ठरवून टाकलेले असे. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली होती, त्यामुळे आम्हाला अंगठा दाखवण्यापलीकडे काही करता येत नसे. खेळापूर्वी चहा घ्यायचा नाही, कारण हात थरथरतो. दुसऱ्याची लढत चालू असताना फोन पाहायचा नाही. हरल्यावर समोरच्या टीमबरोबर लगेच हसत बसायचे नाही. रविवारी आम्ही मिसळ खायला गेलो तरी ऑर्डर तेच देत: “या दोघांना मध्यम रस्सा द्या, याला जिलबी नको.” नाशिकमध्ये एकाच्या मिसळीचा तिखटपणा दुसऱ्याने ठरवावा, हा प्रकार मी आयुष्यात प्रथमच पाहिला.

गोदावरीचे पाणी किती चढले हे जसे आपण दुतोंड्या मारुतीकडे पाहून सांगतो, तसा भाऊंचा पारा आम्ही क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला लावायच्या निळ्या चॉकवरून ओळखायचो. चॉक टेबलच्या कडेवर अलगद ठेवला तर सगळे ठीक, टक्कन आवाज झाला तर पाणी कमरेला, आणि चॉक हातातच राहून बोटे निळी होऊ लागली की ज्याची पाळी असेल त्याने देवाचे नाव घ्यावे.

ज्या गुरुवारी माझा संयम सुटला त्या दिवशी दोन-दोन लढती झाल्या होत्या. शेवटची लढत माझी, त्यातही एक-एक गेम झालेला, आणि तिसऱ्या गेममध्ये माझा फक्त काळा, म्हणजे गेम संपवणारा शेवटचा बॉल उरलेला, तर समोरच्याचे दोन. काळा लांबच्या कुशनपासून, म्हणजे टेबलच्या रबरी कडेपासून, चार बोटांवर आणि कोपऱ्याच्या पॉकेटपासून हातभर अंतरावर होता. पांढरा, म्हणजे ज्याला क्यूने मारायचे तो बॉल, जवळजवळ टेबलच्या मधोमध. कट, म्हणजे बॉलच्या कडेवर मारायचा फटका, जरा पातळ होता, पण सरावात दहापैकी सहा-सात वेळा पडणारा. मी पॉकेट सांगितले, वाकलो, क्यूला आधार म्हणून डाव्या हाताचा ब्रिज टेकवला, क्यू दोनदा मागे-पुढे केला, आणि मागून आवाज आला, “थांब! पॉट नको. सेफ्टी खेळ, पांढरा वरच्या कुशनला नेऊन ठेव.” सेफ्टी म्हणजे बॉल पाडायचा प्रयत्न न करता पांढरा समोरच्याला अवघड जाईल अशा जागी नेऊन ठेवणे. मी उभा राहिलो. गुण लिहिणारा मार्कर, समोरची टीम, आमचे सगळे, असे बारा-पंधरा जण माझ्याकडे पाहत होते. मी पुन्हा वाकलो आणि सेफ्टी खेळलो. पांढरा काळ्याला जेमतेम शिवला आणि दोन्ही बॉल कुशनपर्यंत न पोहोचता मखमलीत रुतल्यासारखे थांबले. खेळणाऱ्यांना नियम ठाऊकच आहे: बॉलला स्पर्श झाल्यावर काहीच पॉकेटमध्ये गेले नाही, तर निदान एक तरी बॉल कुशनला लागला पाहिजे, नाहीतर फाउल. समोरच्याला बॉल इन हॅन्ड मिळाला, त्याने पांढरा हवा तिथे ठेवला आणि तीन शॉटमध्ये गेम संपवला. भाऊंच्या हातातला चॉक टेबलावर आपटला. “साधी सेफ्टीसुद्धा येत नाही,” ते म्हणाले.

त्या रात्री मी घरी जाऊन झोपलो नाही, तो शॉट पुन्हा पुन्हा आठवत बसलो. भाऊंनी सुचवलेली सेफ्टी चुकीची होती असे मी आजही म्हणणार नाही. त्यांच्या जागी दुसरा कोणी जाणकार असता तर कदाचित त्यानेही तेच सांगितले असते. चूक वेळेची होती. पूलमध्ये शॉट उभ्याने ठरतो: लाइन कोणती, जोर किती, पांढरा कुठे जाऊन थांबणार. वाकल्यावर हाताने फक्त ते पार पाडायचे असते. वाकल्यानंतर मन बदलले तर सरळ उठावे, टेबल पुन्हा पाहावे आणि मगच वाकावे, हे शिकवणारा कोणीही पहिल्या महिन्यातच सांगतो. मी उठलो होतो खरा, पण उठून पाहिले ते भाऊंकडे, टेबलकडे नाही. त्यामुळे शॉट त्यांचा होता, जोर कोणाचाच नव्हता, आणि फाउल मात्र माझ्या नावावर लागला.

मी कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. मशीनवरून जॉब उतरला की तो मोजणे, मापात नसेल तर बाजूला काढणे आणि कारण शोधणे हे माझे काम, आणि त्यात मी कोणाची भीड ठेवत नाही. पण कट चालू असताना ऑपरेटरच्या खांद्यावरून “फीड कमी कर” असे ओरडणारा इन्स्पेक्टर आमच्या शॉपवर एक पाळीही टिकणार नाही. कप्तानानेही लढतीपूर्वी हवे तेवढे सांगावे, लढतीनंतर हवे तेवढे सोलावे. मध्ये जो वेळ आहे तो खेळाडूचा.

क्रिकेटमध्ये कप्तान षटकागणिक क्षेत्ररचना बदलतो, गोलंदाज बदलतो, आणि ते त्याने करायलाच हवे. आपण कप्तान ही कल्पना तिथून उचलली आणि तशीच्या तशी पूलच्या टेबलवर आणून ठेवली. या टेबलांवरच्या खेळांचा आपल्याकडचा वारसा मात्र एकेकट्याचा आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्यांच्या खुर्चीमागून कोणी सूचना देत नव्हते. (स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरला ब्रिटिश फौजेच्या ऑफिसर्स मेसमध्ये झाला, तेव्हा टेबलभोवती हुकूम सोडण्याची परंपरा जुनीच असणार, असे आमच्यातला एक जण म्हणतो. तो जात्याच भाऊंच्या बाजूचा आहे.)

जिथे हौशी पूल लीग हजारोंनी चालतात त्या अमेरिकेत हा प्रश्न माणसांच्या समजूतदारपणावर सोडलेला नाही, हे मला विशेष वाटते. अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनच्या एट-बॉल लीगमध्ये एका गेममध्ये टाइम-आउट, म्हणजे सल्ल्यासाठी खेळ थांबवणे, किती वेळा घ्यायचे हे मोजून दिलेले आहे: कौशल्य-पातळी तीन किंवा त्याहून कमी असलेल्या खेळाडूला दोन, बाकीच्यांना एक. त्याच्या बाहेर सल्ला द्यायचा नाही. शिवाय खेळाडूंना साधारण दोन ते सात अशी पातळी दिलेली असते आणि एका रात्री उतरणाऱ्या पाच जणांची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. म्हणजे कप्तानाला पाचही तगडे खेळाडू उतरवताच येत नाहीत. कच्च्या खेळाडूला बाकावरून उठवावेच लागते, मग कप्तानाची इच्छा असो वा नसो. आमच्या लीगमध्ये अशी बेरीज नाही. सातही जण महिन्याला सारखेच पैसे भरतात, पण आमच्या टीममध्ये तेव्हा ठरावीक पाच जणच खेळत.

आमच्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. पंचवटीहून स्कूटरवर यायचा, क्यूची पिशवी पाठीला लावून. लागोपाठ सात गुरुवार तो बाकावर बसला. त्याला काम एकच, नव्या गेमसाठी बॉल त्रिकोणात मांडून देणे: “रॅक लाव रे.” आठव्या बुधवारी यादी आली, तिच्यात त्याचे नाव नव्हते आणि पाच मिनिटांनी ग्रुपवर तो बाहेर पडल्याची ओळ दिसली. ग्रुपवर लिहिण्याची सोय नसल्यामुळे कोणी काही विचारलेही नाही. मी त्याला फोन करायला हवा होता. केला नाही.

फोन करण्याऐवजी मी काय केले, ते सांगायला लाज वाटते. भाऊ नसलेला एक वेगळा ग्रुप आम्ही चौघांनी काढला आणि तिथे त्यांच्या नकला, त्यांच्या चॉकची मोजमापे, मध्यम रश्श्यावरचे विनोद असे सगळे महिनाभर चालले. मजा आली, हे खोटे कशाला सांगू? पण त्या ग्रुपवर कोणी एकानेही असे लिहिले नाही की आपण त्यांच्याशी बोलू या. गुरुवारी आम्ही त्यांच्यासमोर माना डोलवायचो आणि बाहेर पार्किंगमध्ये येऊन शूर व्हायचो. हाताखालच्यांना मुठीत ठेवणारा माणूस आणि पाठीमागे त्याची टिंगल करणारे हाताखालचे, ही जोडी एकमेकांना पोसते. कार्यालयात आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी ती वर्षानुवर्षे पाहतो आहे, तरी इथे ओळखू शकलो नाही.

शेवटी एका रविवारी मी भाऊंना एकट्यानेच मिसळीला बोलावले. सगळ्यांनी मिळून जायचे नाही, हे मुद्दाम ठरवले होते, कारण चौघांनी घेरलेला माणूस फक्त बचाव करतो. सामन्याची रात्रही टाळली. त्यांच्या स्वभावाबद्दल एक अक्षर काढायचे नाही, फक्त तो एक शॉट आणि ते सात गुरुवार एवढेच बोलायचे, असे मनाशी घोकून गेलो होतो. ऑर्डर मीच दिली आणि दोन्ही प्लेट तिखट सांगितल्या. ते काही बोलले नाहीत.

“भाऊ, मी वाकल्यावर तुम्ही बोलू नका,” मी म्हणालो. “वाकण्याआधी बोला. मी स्वतः विचारीन. पण वाकल्यावर नको.”

त्यांनी पाव मोडला, रश्श्यात बुडवला आणि फोन काढून माझ्यासमोर ठेवला. त्यात एक यादी होती. टेबल बुक करण्यासाठी पार्लरला केलेले फोन, समोरच्या कप्तानांशी तारखा जुळवणे, दोन जणांची तीन महिन्यांची राहिलेली वर्गणी, जी त्यांनी स्वतःच्या खिशातून भरली होती. क्यूच्या टोकाची फाटलेली टिप बदलून घेणे, चॉक आणणे, गुणपत्रिका पोहोचवणे. त्या दोन थकबाकीदारांतला एक मी होतो. “तुम्ही साडेआठला येता आणि अकराला जाता,” ते म्हणाले. “मधले अडीच तास सोडले तर टीम माझ्या डोक्यावर असते. मग त्या अडीच तासांतही ती डोक्यातून जात नाही.” मी पैसे तिथल्या तिथे पाठवले, पण मान खाली घालायची ती घातलीच.

इथे माझे मत थोडे कडू वाटेल. असा कप्तान आपणच हप्त्याहप्त्याने घडवतो. एकेक कंटाळवाणे काम त्याच्याकडे सरकवतो, “भाऊ बघतील” म्हणतो, आणि मग त्याच कामांतून त्याची हुकमत वाढली की आपल्याला स्वातंत्र्य आठवते. तरी त्यामुळे त्यांचे ओरडणे योग्य ठरत नाही, हेही मी त्यांना तिथेच सांगितले. कष्टाचे पैसे मागावेत, कामाची वाटणी मागावी; माझा शॉट मागू नये.

ते चिडले, मग गप्प झाले, मग म्हणाले, “लिहून दे.” मी दोन वाक्ये लिहून दिली: वाकलेल्या खेळाडूशी कोणी बोलणार नाही, आणि कोणीही लागोपाठ दोन गुरुवार बाकावर बसणार नाही. त्याबरोबर कामेही वाटली गेली. वर्गणी माझ्याकडे आली, टेबलचे बुकिंग दुसऱ्याकडे, गुणपत्रिका तिसऱ्याकडे. ग्रुप सर्वांसाठी खुला झाला, आणि आमचा तो दुसरा ग्रुप मी बंद केला. पहिल्याच महिन्यात बुकिंग विसरले गेले आणि आम्ही पाऊण तास बाहेर उभे राहिलो. भाऊ एक शब्द बोलले नाहीत, पण त्यांची बोटे निळी झाली होती. ती दोन वाक्ये पाळायला त्यांना अजूनही जड जाते. कोणी वाकले की त्यांच्या तोंडून हलकेसे “च्च” निघतेच. नियमात ‘बोलणे’ असे लिहिले आहे, “च्च” त्यात बसते की नाही यावर आमच्यात दोन मते आहेत.

निकालांबद्दल म्हणाल तर आम्ही आधी चौथे होतो, आताही चौथेच आहोत.

पंचवटीच्या त्या मुलाला मी उशिरा का होईना फोन केला. तो नम्रपणे बोलला, माझ्या मुलांची चौकशी केली, पण परत आला नाही. दुसऱ्या टीममध्ये तो दर आठवड्याला खेळतो. पुढच्या पंधरवड्यात आमची लढत त्यांच्याशीच आहे. त्याच्यासमोर कोणी उतरायचे, हे भाऊंनी अजून ठरवलेले नाही. काल रात्री त्यांनी ग्रुपवर विचारले आहे.