‘सुकलंस’ आणि ‘सुटलीस’च्या मधे

वाढत्या वयातल्या मुलांना आपलं वजन कसं वाटतं हे घरच्या संस्कृतीवर ठरतं, असं एका लेखात वाचलं; तेच मी मालवणात माझ्याच घरी पाहिलं. मुलगी नववीत. गणपतीत आजी म्हणाली, "काय गो, सुकलंस कित्याक?" आणि पानात आणखी दोन आंबोळ्या. त्याच दुपारी मुंबईची मावशी म्हणाली, "किती सुटलीस!" पोर दोन दिवस मोदकाला शिवली नाही. आजीने मनीऑर्डरची वाट बघत दिवस काढलेत. भरलेलं अंग म्हणजे घर नीट चाललंय, एवढंच तिला कळतं. मी तिला दोष देत नाही.

फिजी बेटांवरही भरदार शरीराला मान होता. तिथल्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. १९९८ च्या पाहणीत ७४ टक्के शाळकरी मुलींनी सांगितलं, आपण जाड आहोत असं कधी ना कधी वाटतं. तीन वर्षांत! आमच्या पोरींच्या तर हातातच मोबाइल.

आणि कृपा करून मुलांना मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजायचा आकडा) लावू नका. ५ ते १९ वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे वेगळे तक्ते २००७ पासून आहेत. यंदा चतुर्थीआधीच मावशीला फोन करणार आहे.